मोले-तांबडी सुर्ला : सोबत दम्याचा पेशंट असेल तर

गोव्यातल्या मोल्याजवळचं तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर सुंदर आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी परतीच्या रस्त्याबद्दल लिहितोय.

‘गोव्यात काय, कुठेही डॉक्टर मिळतो’ असं ऐकून निघालो होतो. हे किनाऱ्यापुरतं खरं. कळंगुटहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ दहाएक किलोमीटरवर. मोल्याहून फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ तीसेक किलोमीटर आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) त्याच्या दुप्पट. तांबडी सुर्ल्याला फोनला रेंज मिळेलच असंही नाही, त्यामुळे १०८ च्या भरवशावर राहू नका.

तिस्क-उसगावच्या पट्ट्यात ट्रकांमागे अडकलो, गाडीत लाल धूळ भरली आणि ताईला दम लागला. वाक्य पुरं होईना, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. वाटेतल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे सलाईन आणि डेरिफायलिनचं (दम्यावरचं जुनं औषध) इंजेक्शन. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर कोपऱ्यात झाकून ठेवलेला, मागितला तरी ‘आधी हे संपू दे’. ऑक्सिजन किती आहे तेही बघितलं नाही. बिलात नुसतं ‘इतर’ लिहून दीड हजार लावले. ही शुद्ध लूट आहे.

फोंड्याच्या सरकारी इस्पितळात आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला, मग साल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियम या श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधांची वाफ, स्टेरॉइडची गोळी. तासाभरात ताई म्हणाली, “अरे, चहा मिळेल का रे?” दम्याच्या अटॅकला हेच लागतं. डेरिफायलिनच्या जातीची इंजेक्शनं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी केव्हाच मोडीत काढली आहेत, आणि सलाईनने श्वासनळ्या उघडत नाहीत.

म्हणून पंपासोबत (इनहेलर) स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्याच, नुसता पंप पुरत नाही. अटॅक आला तर साल्ब्युटामॉलचे ४ ते १० पफ, एकेक करून, स्पेसरमधून. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी पुन्हा देता येतात. पण पफ देत थांबून राहू नका, गाडी चालू ठेवा. बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील तर मधल्या कुठल्याही दवाखान्याच्या पाटीकडे न बघता थेट फोंडा.

गोमेकॉत २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला शुल्क पडतं, तरी बिनधास्त जा. दूधसागर धबधब्याला नेणारी जीपही धूळ उडवतेच. दमेकऱ्याला न्यायचं तर पाऊस सरल्या सरल्या, जमीन ओली असताना न्या. मार्च-एप्रिलात अजिबात नको.