तुम्ही विचारलंत म्हणून: अलमट्टीची फूग आपल्यापर्यंत येते का?

नद्यांच्या पुराची गणितं मांडणं हे माझं काम आणि माझं गाव शिरोळ तालुक्यातलं. त्यामुळे जून उजाडला की लग्नात, दवाखान्यात, एसटीत एकच प्रश्न येतो: खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणानं तुंबलेलं पाणी, म्हणजे त्याची फूग, मागे आपल्यापर्यंत येते का? ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर चुलत्यांनी, अण्णांनी, तो सरळच विचारला : "अलमट्टीचं दार उघडलं की आपलं पाणी उतरतंय का न्हाई, एवढंच सांग."

मी अण्णांना उसात घेऊन गेले. पाणी सुरूच होतं. सरीच्या खालच्या टोकाला खोऱ्यानं थोडी माती ओढली, वरून पाणी सांडत राहील एवढीच. पाणी तुंबलं, फूग मागे सरकत आली आणि वीसेक पावलांवर थांबली. त्याच्या वर सरी पहिल्यासारखीच वाहत होती. मग कॉक पूर्ण उघडला. सरी काठोकाठ भरली. आता माती काढली, तर टोकाशी पाणी झपकन उतरलं, वरच्या अंगाला मात्र बोटभरही फरक पडला नाही. तिथली पातळी आता मातीचा बांध ठरवत नव्हता. सरीचा उतार, तिची रुंदी आणि पाचटाचा अडथळा ठरवत होता.

धरणाचा फुगवटा असाच वागतो. नदी कमी असताना तो लांबवर जाणवतो. नदी स्वतःच खोल वाहू लागली की त्याचा परिणाम कमी अंतरातच विरतो. अलमट्टीची आजची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. महापुराची कारणं शोधायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या महापुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही, आणि त्या पुरापुरतं मलाही तेच पटतं. पण कर्नाटकला ती पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची आहे, हा प्रश्न निराळा. जिथे नदी धरणाच्या साठलेल्या पाण्यात शिरते, तिथे वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं गाळ बसला की तळ वर येतो आणि फुगवट्याचं शेपूट मागे वाढतं. म्हणून ते गणित जुन्या नकाशावर करून चालत नाही, पात्राचे आजचे छेद, म्हणजे ठिकठिकाणची रुंदी-खोली, मोजूनच करावं लागतं. पावसाळ्यात अलमट्टीची पातळी खाली ठेवा, हा आपला आग्रहही मला योग्यच वाटतो.

मात्र आपलं पाणी तुंबतं ते आधी आपल्याच दारात, नृसिंहवाडीला. लहानपणी आजी दक्षिणद्वाराच्या स्नानाला न्यायची. कृष्णा चढली की पाणी उत्तरेच्या दारानं देवळात शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. आजीला ते पुण्य होतं. मला आज त्यात नदीची पातळी दाखवणारी पट्टी दिसते, आणि दोन्ही तितकंच खरं वाटतं. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पाणी वाहतं ते पाण्याच्या पृष्ठभागाला उतार असतो म्हणून. कृष्णा वाडीला फुगून बसली की पंचगंगेचा तो उतारच मोडतो. कोल्हापुरात पाऊस थांबतो, ऊन पडतं, तरी राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी इंचाइंचानं उतरतं, ते यामुळे. तिथली धोका पातळी ४३ फूट. पूर चढताना ४३ फुटांवर जेवढं पाणी पुढे जातं, तेवढं उतरताना त्याच ४३ फुटांवर जात नाही. नुसते फूट सांगून विसर्ग कळत नाही, तो यासाठी. कोयनेचं आणि वारणेचं पाणी सांगलीला कधी पोचणार, पंचगंगेची लाट वाडीला कधी येणार, आणि दोन्ही एकाच रात्री येणार का, हे आधी कळणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. धरणातून किती सोडायचं याच्याइतकंच कधी सोडायचं याला महत्त्व आहे. हायड्रोडायनॅमिक्स, म्हणजे वाहत्या पाण्याचं शास्त्र, आमच्या तालुक्यात उपयोगी पडतं ते इथे.

पुलांचंही तसंच. लोक कमानी मोजतात, मी दोन्ही बाजूंचा भराव बघते. पुरात नदी शेतातून मैलभर पसरून वाहते आणि रस्त्याचा भराव ती सगळी वाट अडवून तिला पुलाखालच्या तेवढ्या जागेत कोंबतो. त्यानं पाणी वीतभर चढलं, तरी आपल्या नदीकाठच्या सपाट मळीत ती वीत लांबवर मागे जाते. भरावात जागोजागी मोऱ्या ठेवल्या पाहिजेत, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

आता माझी एक मागणी. संगणकावर उभी केलेली नदी खरी की खोटी, हे ठरतं पुराच्या खुणांवरून. आमच्या सोप्याच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन गढूळ रेघा होत्या. दिवाळीला घर रंगवलं, तेव्हा अण्णांनी तेवढी हातभर पट्टी तशीच सोडली. तुमच्याकडे अशी रेघ असेल, तर रंग देण्याआधी उंबऱ्यापासून तिची उंची टेपनं मोजा, तारखेसकट वहीत लिहा आणि मला कळवा. मी लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, घेऊन येते.