छेदही हलतो: सापेक्ष फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढताना

अर्ज अर्धवट सोडलेल्या ४०० जणांना आम्ही नेहमीचा आठवणीचा संदेश पाठवला. त्यातल्या २० जणांनी अर्ज पूर्ण केला. दुसऱ्या ४०० जणांना नव्या शब्दांतला संदेश गेला, तिथे ३० जणांनी केला. कोणाला कोणता संदेश जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने ठरलं होतं, त्यामुळे तुलना रास्त होती. एकीकडे ५ टक्के, दुसरीकडे ७.५. अहवालात मी लिहिलं, ‘नव्या संदेशामुळे अर्ज पूर्ण होण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलं.’

मसुदा परत आला तेव्हा सहकाऱ्याने समासात एवढंच लिहिलं होतं: ‘इंटरव्हल कुठे?’ म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, नमुन्यावरून काढलेल्या आकड्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा.

दोन प्रमाणांच्या निव्वळ फरकाचा ९५ टक्के इंटरव्हल मला पाठ होता. प्रत्येक गटाचं प्रमाण गुणिले एक वजा प्रमाण, भागिले गटातली माणसं. दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याला १.९६ ने गुणायचं. आमचा निव्वळ फरक २.५ टक्केबिंदूंचा, म्हणजे ७.५ वजा ५ इतका, आणि त्याचा इंटरव्हल −०.८५ ते ५.८५ टक्केबिंदू. पण अहवालात सापेक्ष वाढ, म्हणजे जुन्या प्रमाणाच्या तुलनेतली वाढ, लिहिली होती. म्हणून मी दोन्ही टोकांना ५ ने भागलं. उत्तर आलं −१७ टक्के ते +११७ टक्के, बरोबर मध्यभागी ५०. इतकं नेटकं दिसत होतं की शंका घ्यायचं काही कारणच वाटलं नाही.

सहकारी वयाने आणि अनुभवाने मोठा. तो म्हणाला, “अगं, गट उलटे करून बघ. जुन्या संदेशाला नव्याच्या तुलनेत मोज.”

केलं. आता पाया ७.५. जुना संदेश नव्यापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी, इंटरव्हल −७८ ते +११ टक्के. पटीच्या भाषेत बोलायचं तर जुना हा नव्याच्या ०.२२ ते १.११ पट. हेच उलटवलं की नवा हा जुन्याच्या ०.९० ते ४.५५ पट व्हायला हवा. पण आधीच्या हिशेबात मी काय काढलं होतं? ०.८३ ते २.१७ पट. तीच ८०० माणसं, तेच ५० अर्ज, आणि केवळ कोणाला आधी लिहिलं यावरून वरचं टोक २.१७ वरून ४.५५ वर गेलं! त्या क्षणी पद्धतच चुकली आहे हे मला मान्य करावं लागलं.

“तू छेद पक्का धरलास,” तो म्हणाला. चूक होती ती एवढीच, पण मुळाशी होती. ज्या ५ टक्क्यांनी मी भागत होते ते आभाळातून पडलेले नव्हते, ते २० अर्जांवरून काढलेले होते. त्यांचा स्वतःचा इंटरव्हल काढला तर साधारण २.९ ते ७.१ टक्के येतो. अंश हलतो हे मी हिशेबात धरलं होतं, छेद मात्र खिळा ठोकल्यासारखा स्थिर मानला होता. शिवाय दोन्ही एकमेकांत गुंतलेले: जुन्या गटाचं प्रमाण योगायोगाने कमी आलं, तर निव्वळ फरक वाढतो आणि त्याच वेळी ज्याने भागायचं ती संख्याही लहान होते.

पटलं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून संगणकावर सिम्युलेशन केलं. खरी प्रमाणं मीच ठरवायची, त्यांवरून ४००-४०० जणांचे खोटे गट १०,००० वेळा बनवायचे, दर वेळी इंटरव्हल काढायचा आणि त्यात खरं उत्तर किती वेळा सापडतं ते मोजायचं. ९५ टक्के इंटरव्हलचं वचनच ते आहे: ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या सुमारे ९५ वेळा खरं उत्तर पकडलं जाईल. पहिल्यांदा मी दोन्ही गटांत ५ टक्केच ठेवले आणि माझी भागाकाराची पद्धत ९५ च्या जवळ आली. गोंधळले. मग नव्या गटाचं प्रमाण ७.५ केलं आणि आकडा ९० च्या आसपास उतरला. १५ केलं, म्हणजे तिप्पट, तर तो ७५ च्या आसपास गेला.

या शोधाने मला फार शिकवलं. फरक शून्य असेल तेव्हा भागाकाराची पद्धत चालते, कारण शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. म्हणूनच ‘इंटरव्हलमध्ये शून्य आहे का?’ या प्रश्नाला ती ठीक उत्तर देते आणि चूक लपून राहते. परिणाम जसजसा मोठा, तसतसा तिचा दगा मोठा. आणि सापेक्ष वाढ आपण मिरवतो ती नेमकी परिणाम मोठा दिसतो तेव्हाच.

मग लॉगची पद्धत शिकले. कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी ती १९७८ मध्ये मांडली आणि हाताने करता येईल इतकी ती सोपी आहे. फरक सोडून गुणोत्तर घ्यायचं: ७.५ भागिले ५, म्हणजे १.५. त्याचा नैसर्गिक लॉग ०.४०५. स्टँडर्ड एररसाठी, म्हणजे हा लॉग योगायोगाने साधारण किती हलू शकतो त्याच्या मापासाठी, १/३० − १/४०० + १/२० − १/४०० ही बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ते येतं ०.२८०. त्याला १.९६ ने गुणून लॉगच्या दोन्ही बाजूंना मांडायचं आणि मग लॉग उलटवून परत गुणोत्तरात यायचं. उत्तर ०.८७ ते २.६०. त्यातून १ वजा केला की सापेक्ष फरकाचा इंटरव्हल मिळतो: −१३ टक्के ते +१६० टक्के.

लॉग घेतल्याने भागाकाराची वजाबाकी होते, आणि वजाबाकीत दोन्ही गटांची अनिश्चितता सरळ बेरजेने येते. छेदाचा वाटा आपोआप आत येतो. गट उलटे केले तर इंटरव्हलही तंतोतंत उलटतो. मी लगेच करून पाहिलं, ०.३९ ते १.१५ आलं. आणि खालचं टोक कधीच −१०० टक्क्यांच्या खाली जात नाही, जे जाणं अर्थहीनच असतं. इंटरव्हल ५० च्या दोन्ही बाजूंना सारखा नसतो, उजवीकडे लांब जातो. आधी ते डोळ्यांना खटकलं. पण पटींचा स्वभावच तसा असतो: निम्मं होणं आणि दुप्पट होणं हे समान अंतर आहे, −५० आणि +१०० दिसलं तरी.

त्या सूत्राकडे बघत बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली, जी मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. १/४०० हे पद किती लहान आहे पाहा, आणि १/२० किती मोठं. गटात ४०० ऐवजी ४०,००० जण असते आणि अर्ज तेवढेच, २० आणि ३०, आले असते, तर स्टँडर्ड एरर ०.२८० वरून ०.२८९ झाला असता, म्हणजे जवळपास तोच! सापेक्ष फरकाची अचूकता पूर्ण झालेल्या अर्जांच्या संख्येवर ठरते. मोठी यादी दाखवून कोणी धीर देऊ लागलं की मी आता आधी घटना किती घडल्या ते विचारते.

संख्याशास्त्रज्ञ फीलर यांचीही पद्धत करून पाहिली. ती १९५४ च्या शोधनिबंधामुळे ओळखली जाते आणि भागाकाराचा इंटरव्हल वर्गसमीकरण सोडवून काढते. आमच्या आकड्यांवर ती −१३.५ ते +१८० देते. खालचं टोक लॉगच्या अगदी जवळ, वरचं आणखी दूर, कारण छेद २० अर्जांवर उभा आहे. डेल्टा पद्धत, म्हणजे वक्र सूत्राला जवळपास सरळ रेषा मानून स्टँडर्ड एरर काढणं, थेट गुणोत्तरावर लावली तर −३२ ते +१३२ येतं, पुन्हा बळजबरीने सममित; लहान संख्यांसाठी मला ती नको वाटते. एखाद्या गटात एकही अर्ज आला नाही तर लॉगचं सूत्र अडतं. काही जण तेव्हा संख्यांत ०.५ मिळवतात. मी अशा वेळी मिएटिनेन आणि नुर्मिनेन यांची १९८५ ची स्कोअर पद्धत घेईन.

अहवालातलं वाक्य बदललं. दोन्ही गटांच्या कच्च्या संख्या, निव्वळ फरक आणि मग ‘सापेक्ष वाढ ५० टक्के, ९५ टक्के इंटरव्हल −१३ ते +१६०’. वाचणाऱ्यांपैकी काहींना ते आवडलं नाही. यातून नवा संदेश चांगला आहे की नाही ते कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खरंच कळत नव्हतं. म्हणून किती जण घ्यायचे ते आधीच ठरवून आणि पहिल्या फेरीचे आकडे न मिसळता दुसरी फेरी केली, प्रत्येकी ४,००० जणांची. जुन्या संदेशाने २०० अर्ज आले, नव्याने २५०. वाढ २५ टक्के. लॉगच्या पद्धतीने इंटरव्हल ४.३ ते ४९.८ टक्के. कुतूहलापोटी जुना भागाकारही केला, तो ४.८ ते ४५.२ आला. छेदाखाली आता २०० अर्ज होते, दोन्ही उत्तरं जवळ आली होती.

नवा संदेश कायम झाला. पहिल्या फेरीचं पान मी अहवालातून काढलं नाही. दोन्ही इंटरव्हल एकाखाली एक छापले आहेत, शेजारी २०, ३०, २००, २५० या संख्यांसह.