थेंब कुठून येतोय?

"साहेब, थेंब जिथे पडतो तिथेच लीकेज असेल असं नाही. वर बघा." माझ्या गाडीखाली कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ठिबकत होता. मिस्त्रींनी टॉर्च माझ्या हातात दिला.

आधीच्या गॅरेजने न तपासताच रेडिएटर बदलायला सांगितलं होतं. यांनी गार इंजिनवर प्रेशर टेस्टर, म्हणजे हवेचा दाब देऊन गळती तपासायचं साधन, लावला, पंप मारत काटा 1 बारवर नेला आणि नुसते बघत उभे राहिले. काटा हळूहळू उतरला, म्हणजे गळती होती.

मग दिसलं. वॉटर पंपाच्या बारीक भोकातून हिरवट ओघळ, कडेला वाळलेली पांढरी पापडी. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं; सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं म्हणून.

पंप बदलला, रेडिएटर वाचला. बिलात पंप, गॅस्केट, कूलंट, फिटिंग. शोधण्याची मजुरी कुठेच नाही. ती मी आग्रहाने दिली.

खरं कसब तर तेच ना? मग त्याचे पैसे मागायला या माणसांना संकोच का वाटावा?