सौर पॅनेल गच्चीवर नेलं तेव्हा कुठे विषय सुरू झाला

अपारंपरिक ऊर्जा हा विषय माझ्याकडे आला तेव्हा पहिलं सेमिस्टर मी सगळं स्लाईड्सवरच काढलं. बेल लॅब्सचा 1954 चा सिलिकॉनचा सौर सेल, पवनचक्कीची 59.3 टक्क्यांची बेट्झ मर्यादा (वाऱ्यातली जास्तीत जास्त एवढीच ऊर्जा काढता येते), वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पॉवर आठपट, सगळं सांगून झालं आणि मुलांनी पेपरही छान लिहिले. पण तोंडी परीक्षेला एकाला विचारलं की पॅनेल जास्त वीज कधी देतं, तर म्हणाला, "सर, जेवढं तापेल तेवढी जास्त." पुढच्या दोघांचंही तेच उत्तर. मला खरंच वाईट वाटलं, कारण ऊन म्हटलं की आपल्या मनात उजेड आणि ताप एकदमच येतात आणि ते दोन वेगळे करून दाखवणं हे माझंच काम होतं.

पुढच्या बॅचला पहिलाच तास गच्चीवर घेतला. 36 सेलचं छोटं पॅनेल, मल्टीमीटर, तापमान मोजायला मागच्या बाजूला चिकटवलेला थर्मोकपल, बस. सावलीतून उन्हात ठेवल्या ठेवल्या 21.4 व्होल्ट, मग पॅनेल तापत गेलं तसं रीडिंग हळूहळू उतरत 19 च्या आसपास आलं, ऊन तेवढंच, शॉर्ट सर्किट करंटही (दोन टोकं थेट जोडून मोजलेला) जवळपास तोच. मुलं गप्प. मग त्यांनीच वहीत हिशोब केला, एका सेलमागे अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टची घट, गुणिले 36, गुणिले वाढलेले 34 अंश, तर उत्तर अडीच व्होल्टच्या जवळ. मागून ओलं फडकं लावलं तर आकडा परत चढायला लागला, तेव्हा जो गलका झाला तो मला अजून आठवतो.

मग एकाला फक्त एका सेलवर तळहात धरायला लावला. बायपास डायोड (झाकलेल्या सेलला वळसा घालून करंट नेणारा) नसलेलं पॅनेल, सगळे सेल सिरीजमध्ये म्हणजे एकामागोमाग जोडलेले, करंट धाडकन खाली. (हे दोन-चार सेकंदच करायचं, झाकलेला सेल तापून खराब होऊ शकतो.)

खाली उतरताना एका मुलीने विचारलं, "सर, मग पॅनेल छताला चिकटवून बसवायचंच नाही ना, खालून हवा खेळायला जागा हवी?" माउंटिंगचा धडा अजून तीन आठवडे लांब होता, मी तो दुसऱ्याच दिवशी घेतला.