जबाबदारी एकाची, चाव्या दुसऱ्याकडे: इंग्लंडमधल्या शाळा, नळ आणि केअर होम

इंग्लंडमधल्या गल्लीबोळांत डांबरावर अधूनमधून रंगीत रेघोट्या आणि बाण उमटलेले दिसतात. निळी रेघ पाण्याच्या लाइनची, पिवळी गॅसची, लाल विजेची, हिरवी बहुधा फोन-इंटरनेटच्या केबलची. खोदकामाआधी शोधयंत्र फिरवून कुणीतरी त्या मारून जातं. नव्याने आलेल्याला वाटतं, काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, रस्त्याचं काम काढलंय. बऱ्याचदा तसं नसतं. पाइप खासगी कंपनीचा, खोदणारा त्या कंपनीचा ठेकेदार. काउन्सिल फक्त परवाना देते आणि तारखा ठरवते. रस्ता नुकताच नव्याने केला असेल, तर तातडीची कामं सोडून इतर खोदकामाला काही काळ बंदीही घालता येते.

खड्डा बुजवल्यावरही कंपनी सुटत नाही. दोन वर्षांत तो भाग खचला, तर दुरुस्ती तिच्याच खर्चाने. खोदाई दीड मीटरपेक्षा खोल असेल तर मुदत तीन वर्षांची. काउन्सिलची माणसं बुजवलेल्या जागेतून मध्येच गोल नमुना कापून नेतात आणि थर नीट दाबलेत का ते तपासतात. चूक ठरलेली असते: भराव थराथराने न दाबता एकदम ओतून वरून रोलर फिरवलेला, नाहीतर जुन्या-नव्या डांबराच्या सांध्याला सील न केलेलं. पाणी सांध्यातून आत शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि वसंतात तिथे खळगा तयार.

इंग्लंडमधल्या सार्वजनिक सेवा कळायच्या असतील तर ही रेघोटी चांगली सुरुवात आहे. सेवा मिळेल हे बघण्याची जबाबदारी काउन्सिलची, पण इमारतीच्या, पाइपच्या, वर्गाच्या चाव्या बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशात. ‘काउन्सिल काहीच करत नाही’ अशा तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी चुकीच्या दारावर गेलेल्या असतात, असं आमचं मत आहे.

त्यात काउन्सिलही एकच असेल असं नाही. काही भागांत दोन असतात: कचरा उचलणं, घरबांधणी परवाने आणि काउन्सिल टॅक्सची वसुली डिस्ट्रिक्टकडे; शाळा, रस्ते, वृद्ध-अपंगांची सेवा काउंटीकडे. मोठ्या शहरांत बहुधा सगळं एकाच छताखाली. टॅक्सच्या बिलावर पैसे कुणाकुणाला जातात त्याची फोड छापलेली असते, ती एकदा वाचून ठेवा. घराचा बँड, म्हणजे टॅक्सचा टप्पा, ए ते एच यांपैकी असतो आणि तो ठरतो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत काय झाली असती यावरून. कालपरवा बांधलेल्या घरालाही हाच हिशेब. डी हा मधला मापदंड. ए बँडवाला त्याच्या दोन तृतीयांश भरतो, एचवाला दुप्पट. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट असते, पण ती मागावी लागते. हप्ते साधारण एप्रिल ते जानेवारी असे दहा. बारा हवे असतील तर तसं सांगायचं.

आता शाळा, कारण इथे येणाऱ्या कुटुंबांची खरी धांदल तिथेच उडते.

१९९६ च्या शिक्षण कायद्याने आपल्या भागात पुरेशा जागा आहेत हे बघणं काउन्सिलवर बंधनकारक केलं. हिशेब वरवर सोपा आहे. प्राथमिक शाळेत रिसेप्शन (पहिलीआधीचा वर्ग) ते सहावी अशी सात वर्षं, दर वर्षी ३० मुलांची एक तुकडी, म्हणजे एका तुकडीची शाळा २१० मुलांची, दोन तुकड्यांची ४२०. किती तुकड्या लागतील हे जन्मनोंदी, डॉक्टरांकडे नोंदलेली लहान मुलं आणि मंजूर झालेली नवी घरं यांवरून काढतात. आज जन्मलेलं मूल चार वर्षांचं झाल्यावर पुढच्या सप्टेंबरात दारात येणार, म्हणजे तयारीला चार वर्षं मिळतात. कागदावर.

प्रत्यक्षात कोलमडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, नव्या वसाहतीत बिल्डरकडून शाळेसाठी घ्यायचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात. अमुक घरांत माणसं राहायला आली की तमुक हप्ता. त्यामुळे मुलं आधी, शाळा नंतर. तोवर जवळच्या शाळेत एकाच वर्षापुरती जादा तुकडी घालतात, तिला ‘बल्ज क्लास’ म्हणतात. अजगराने गिळलेल्या भक्ष्यासारखी ती तुकडी सात वर्षं शाळेतून पुढे सरकत राहते; आज रिसेप्शनला जादा खोली, पुढच्या वर्षी पहिलीला. दुसरं, २०१२ नंतर जन्म घटत गेले. ३० च्या वर्गात २२ मुलं बसली तरी शिक्षिकेचा पगार तोच, पैसे मात्र ऑक्टोबरच्या पटनोंदणीवर येतात. म्हणून लंडनमध्ये काही शाळा तुकड्या कमी करताहेत, काही बंदही झाल्या. आणि चाव्यांचा प्रश्न इथेही आहेच: बहुतेक माध्यमिक शाळा आता अकादमी आहेत, म्हणजे पैसा सरकारचा, पण चालवतं काउन्सिलऐवजी ट्रस्ट. वर्ग वाढवा असा हुकूम काउन्सिल त्यांना थेट देऊ शकत नाही, गळ घालू शकते.

अर्ज भरताना काय करायचं? प्राथमिकसाठी शेवटची तारीख १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर. निकाल अनुक्रमे १६ एप्रिल आणि १ मार्चला, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. शाळा दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरी अर्ज आपण राहतो त्या काउन्सिलकडेच. पसंतीक्रमात किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा.

‘पहिली पसंती दिली नाही तर शाळा नाराज होईल’ हा समज फार पसरलेला आहे, आणि तो साफ चूक आहे. तुम्ही तिला कितवा क्रम दिला हे शाळेला कळतच नाही. प्रत्येक शाळा स्वतःच्या निकषांनी सगळ्या मुलांची यादी लावते. त्यांतल्या ज्या ज्या शाळांत नंबर लागतो, त्यांतली तुमच्या यादीत सर्वांत वर असलेली तुम्हाला मिळते. म्हणून खरी आवडती शाळा बिनधास्त पहिली लिहा. मात्र घराजवळची, नंबर नक्की लागेल अशी एक शाळा शेवटी लिहायला विसरू नका. एकच शाळा लिहून बाकी रकाने कोरे सोडल्याने वजन वाढत नाही. तिथे नंबर नाही लागला, तर इतरांचं वाटप होऊन जिथे जागा उरेल ती शाळा पदरात पडते, मग ती दोन बस बदलून का असेना.

निकषांचा क्रम साधारण असा. विशेष गरजांच्या मुलांच्या ज्या कायदेशीर आराखड्यात त्या शाळेचं नाव आहे, ती मुलं आधी आत. मग काउन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, मग त्या शाळेत भावंडं असलेली, मग अंतर. अंतर कुठे सरळ रेषेत मोजतात, कुठे चालण्याच्या वाटेने, आणि काही जागी मोजणी दाराऐवजी नकाशातल्या ठरावीक बिंदूपासून असते. ‘गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर गेला’ हा आकडा काउन्सिलच्या पुस्तिकेत सापडतो. घर भाड्याने घेण्याआधी बघायचा आकडा तो. मात्र एका वर्षी भावंडं जास्त आली की तो झटक्यात आकसतो.

प्रतीक्षायादीचा नियमही आपल्या रांगेच्या सवयीला धक्का देणारा आहे. आधी आला म्हणून पुढे, असं इथे नाही. नवं नाव आलं की सगळी यादी निकषांनुसार पुन्हा लावतात. आज तुमचा चौथा असेल, तर शाळेच्या शेजारी नवं कुटुंब राहायला आलं की उद्या पाचवा. अपील करायला किमान २० शालेय दिवस मिळतात. पण रिसेप्शन, पहिली, दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं कायद्याने बसवता येत नाहीत, त्यामुळे तिथली अपिलं क्वचितच यशस्वी होतात. प्रवेशप्रक्रियेत चूक झाली असेल तर ती दाखवा. ‘शाळा फार आवडली’ यावर अपील ऐकणारं पॅनल हलत नाही.

जागा आहेत, पण छप्पर? ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायला दोन-चार दिवस उरले असताना, शंभराहून अधिक शाळा-कॉलेजांना इमारतीचे काही भाग लगेच बंद करायला सांगण्यात आलं. कारण होतं ‘रॅक’, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं हलकं काँक्रीट. १९५० ते १९९० च्या दशकांत सपाट छपरांसाठी ते सर्रास वापरलं गेलं. खालून बघितलं तर साधारण ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांत इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते. स्क्रूड्रायव्हर सहज रुततो. साध्या काँक्रीटमध्ये सळईला गंजापासून संरक्षण मिळतं, इथे ते फक्त सळईवरच्या लेपावर अवलंबून असतं. छताची नाली तुंबली, पाणी मुरलं की आतल्या आत गंज. त्यात फळी भिंतीवर ७५ मिलिमीटरपेक्षा कमी टेकलेली असली, तर तडा न दाखवताही कोसळू शकते. केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत २०१८ मध्ये असंच पडलं, शनिवार-रविवार होता म्हणून निभावलं. सपाट छताच्या नाल्या वेळच्या वेळी साफ करणं हे कुठल्याही अंदाजपत्रकातलं सर्वांत कमी झळकणारं काम, आणि कात्री पहिली लागते ती त्यालाच.

पाण्याचं थोडक्यात. १९८९ पासून पाणी खासगी कंपन्यांकडे आहे, आणि वीज-गॅससारखी कंपनी बदलता येत नाही. भागाची ठरलेली तीच. रस्त्यातल्या मुख्य लाइनपासून तुमच्या हद्दीपर्यंतचा पाइप तिचा, हद्दीपासून घरापर्यंतचा घरमालकाचा. गळती कुठल्या बाजूला आहे यावर खर्च कुणाचा ते ठरतं, म्हणून बाहेरचा स्टॉप-टॅप (पाणी बंद करायची चावी) कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. १९७० पूर्वीच्या घरात शिशाचा पाइप असू शकतो: नखाने खरवडला तर चंदेरी चमकतो, ठोकला तर बद्द आवाज येतो. थकबाकीसाठी घरगुती पाणी तोडायला कायद्याने मनाई आहे. घरात तान्हं बाळ, वृद्ध किंवा ऑक्सिजनवरचं माणूस असेल, तर पाणी आणि वीज दोन्हीकडे ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’मध्ये, म्हणजे जादा मदतीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत, मोफत नाव घालता येतं. वीज गेली तर १०५ वर फोन करा.

केअर होमच्या, म्हणजे वृद्धांची राहण्यासकट देखभाल करणाऱ्या घरांच्या, बाबतीत लोकांना सर्वांत आधी चकवतो तो पैसा. सरकारी दवाखाना मोफत, म्हणून म्हातारपणीची देखभालही मोफत असेल असं घरच्यांना वाटतं. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे गरजेची पाहणी कुणालाही मोफत मागता येते, पण त्यानंतर आर्थिक तपासणी असते. जवळची पुंजी २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च स्वतःचा. १४,२५० पासून तिथपर्यंत दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. घर धरायचं की नाही? घरातच मदत घेत असाल तर नाही. केअर होममध्ये कायमचं गेल्यावर पहिले बारा आठवडे नाही. नवरा, बायको किंवा साठीपुढचे नातेवाईक त्या घरात राहत असतील तर तेव्हाही नाही. नाहीतर धरतात. खर्च चुकवायला घर मुलांच्या नावावर करून दिलं असं काउन्सिलला वाटलं, तर ते अजून तुमचंच आहे असं समजून हिशेब होतो.

काउन्सिल बहुतेक वेळा फक्त खाट विकत घेते. होम खासगी मालकाचं. २०१७ च्या सरकारी स्पर्धा नियामकाच्या पाहणीत दिसलं, की त्याच होममध्ये स्वतःच्या खिशातून देणारे काउन्सिलच्या दरापेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त मोजत होते. शेजारशेजारच्या खोल्या, तोच वरणभात म्हणा हवं तर, दर वेगळे.

होम बघायला जाल तेव्हा तपासणी अहवालातल्या ‘गुड’ या शेऱ्यासोबत त्याची तारीखही वाचा. तो बराच जुना असू शकतो. मग चहाला नको म्हणा आणि इमारत बघा. जिना आणि कॉरिडॉरची आग अडवणारी दारं खुर्ची लावून उघडी ठेवलीत का? आगीत सगळ्यांना खाली न नेता त्याच मजल्यावर पुढच्या दारापलीकडे सरकवायचं, अशी इथली योजना असते. ते दार मिटलं नाही तर योजनाच उरत नाही. वरच्या मजल्यावरची खिडकी १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडते का? उघडायला नको, माणूस पडू शकतो.

आणि नळ. गरम पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवायचं आणि नळापर्यंत किमान ५० अंशांवर पोचवायचं, कारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला जिवाणू वाढतो. पण तेच पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. म्हणून नळाच्या अगदी जवळ मिश्रण-व्हॉल्व्ह बसवून टबात ४४ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. व्हॉल्व्ह लांब बसवला, तर मधल्या पाइपात नेमकं जिवाणूच्या पसंतीचं कोमट पाणी साचतं. चाचणी सोपी आहे: थंड पाणी बंद करा, गरमही लगेच थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर जाळी क्षाराने तुंबलेली असते किंवा आतला भाग झिजलेला असतो. गॅसचं बिल वाचवायला कुणी बॉयलर ५० वर आणून ठेवला, की नळावर सगळं ठीक वाटतं आणि टाकीत रोग वाढत राहतो.

रिकाम्या खोलीतले नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं सोडायचे असतात. त्याचा आणि मिश्रण-व्हॉल्व्ह नसलेल्या गरम नळांच्या तापमानाचा तक्ता मागून बघा. आकडे ५२.३, ५०.८, ५४.१ असे वेडेवाकडे असतील तर थर्मामीटर खरंच पाण्याखाली धरलेला आहे. वीस खोल्या, सगळीकडे ५०.०, एकच पेन आणि एकाच बैठकीतलं अक्षर दिसलं, तर मॅनेजरला त्या खोलीत घेऊन जा आणि नळ सोडायला सांगा.