जगले!

भल्या सकाळी फोन वाजतो, पलीकडून एवढंच येतं, "अण्णा गेले." कुठे गेले, असं कुणी विचारत नाही.

मरणाला लॅटिनमध्ये सरळ धातू आहे, 'मोरी'. आपल्या 'मृ'चा चुलतभाऊच. त्याची रूपं कर्मणी थाटाची, अर्थ मात्र कर्तरी. संस्कृतचं 'म्रियते'सुद्धा आत्मनेपदी, म्हणजे क्रियेचं फळ कर्त्याच्याच पदरी टाकणारं. मरणारा काही करत नाही, त्याचं होतं, हे व्याकरणाला आधीच कळलं असावं. (हा माझा समज, भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये.)

पण रोमन माणूसही तो शब्द शक्यतो टाळायचा. 'देकेस्सित', निघून गेला. 'आबिइत आद प्लूरेस', म्हणजे बहुसंख्यांकडे गेला! जिवंतांपेक्षा मेलेले केव्हाही जास्तच, हिशेब चोख आहे. हा प्रयोग पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या 'सातिरिकॉन' कादंबरीतल्या मेजवानीत सापडतो. मयताला जाऊन आलेला एक पाहुणा सांगत असतो, आत्ताआत्तापर्यंत बोलत होता हो माझ्याशी! पाच दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, डॉक्टरांनीच घालवला त्याला. बायको नीट रडली नाही, हेही सांगून होतं. गेलेल्याचा प्राण, त्याच्या भाषेत, बुडबुड्यासारखा उकळून बाहेर पडला. आपल्याकडे स्मशानातून परतताना चहाच्या टपरीवर याहून वेगळं काय बोलतात?

मला सगळ्यात चटका लावणारा शब्द मात्र सिसेरोचा, रोमच्या त्या वेळच्या कॉन्सुलचा, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्याचा. इ. स. पू. 63, 5 डिसेंबर. सत्ता उलथवायला निघालेल्या कॅटिलिनाच्या कटातल्या पाच जणांना तुरुंगाच्या तळघरात गळा आवळून मारलं होतं. बाहेर फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, त्यांचे साथीदार घोळक्याने थांबलेले, रात्री सोडवून नेऊ या आशेवर. सिसेरो त्यांच्याकडे पाहून ओरडला, "विक्सेरुंत!" जगले!

म्हणजे मेले. क्रियापद भूतकाळात टाकलं की काम झालं, अशुभ शब्द तोंडी आला नाही.

आणि आपल्याकडे? ऑपरेशन थिएटरच्या दाराशी "जगला" ऐकलं की माणसं गणपतीला नारळ फोडायला धावतात. तेच जगणं, तोच काळ, अर्थ मात्र थेट उलटा.

रोमन थडग्यांवरही हेच 'विक्सित' कोरलेलं असतं, जगला, आणि पुढे वर्षं. लहान मूल असेल तर वर्षांपुढे महिने, दिवस, क्वचित तासही.