तुम्ही विचारलंत म्हणून: कोलायटिस असताना मी फिरायला कसा जातो

"एवढा त्रास आहे तर तू फिरायला जातोस तरी कसा?" हे मला नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो की शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस पण विचारतो, आणि त्याच्या आवाजावरूनच कळतं की तो स्वतःसाठी विचारतोय किंवा घरातल्या कुणासाठी तरी. म्हणून आज नीट बसून लिहितो.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते, आणि संडासला लागली की लागली, मग पाच मिनिटं पण हातात नसतात. क्रोन्स हा याचाच भाऊबंद, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. दोन्ही जन्मभर सोबत राहतात, मधे महिनोन्महिने शांत असतात आणि मग परत उसळतात. आणि कोल्हापुरात राहतोय म्हटल्यावर एक वाक्य कायम कानावर येतं, तांबडा रस्सा खाऊन खाऊन आतडी जाळलीस बघ. तिखटानं हा आजार होत नाही हो. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात थोडं आनुवंशिक, थोडं वातावरणातलं, असं बरंच काही मिसळलेलं असतं. फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला, चालू असताना तिखटानं त्रास वाढतो हे खरं, पण आजारी माणसाला दोष देऊन काय मिळतं? माझ्या आईला कितीतरी वर्षं वाटत होतं की तिच्या हातच्या कांदा-लसूण मसाल्यामुळं झालं, आणि ते तिच्या मनातून काढणं मला गोळ्या घेण्यापेक्षा अवघड गेलं.

तर फिरायला कधी जायचं, तर आजार शांत असताना. बुकिंग करायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं, बुकिंग झाल्यावर नाही. रक्त पडत असेल, रात्री उठून जावं लागत असेल, ताप असेल तर सरळ रद्द, कितीही पैसे गेले तरी. स्टिरॉइड कमी करत आणताय तर डॉक्टरांनी दिलेला तक्ता सोबत ठेवा, सुट्टी आहे म्हणून मधेच बंद करायचं नाही.

मला जमतं तिथं मी रेल्वेच घेतो. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेस, पुण्याला आता 2024 पासून वंदे भारत पण आहे, तिरुपतीला हरिप्रिया. लोक डब्याच्या टोकाची सीट नको म्हणतात, वास येतो, दार आपटत राहतं, मला मात्र तीच पाहिजे असते, कारण संडास चार पावलांवर आहे एवढं माहीत असलं की निम्मं पोट तिथंच शांत होतं. आमच्याकडं अंबाबाई झाली की तिरुपती करायचंच असं घरोघरी असतं, तिथल्या रांगेची मला खूप धास्ती होती, तर आम्ही 300 रुपयांचं वेळ दिलेलं तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवतो, थांबावं लागतंच पण किती आणि कुठं याचा थोडा तरी अंदाज असतो.

संडास नसलेल्या रात्रीच्या स्लीपर बसमधून मी आता जात नाही. एकदा एका खासगी बसवाल्यानं पुढं थांबा आहे पुढं थांबा आहे म्हणत बस थांबवलीच नाही, आणि त्या रात्री जे झालं ते मी इथं लिहित नाही, ज्यांना हा आजार आहे त्यांना न सांगता कळेल. तेव्हापासून मोठ्यांसाठी मिळते ती पँटसारखी डायपर प्रवासात घालतो. पुरुष माणसं याला फार लाजतात, मी सांगतो लाजू नका, तिच्यामुळं माणूस खिडकीतनं बाहेर बघू शकतो.

कोकणात जायचं तर गाडी घ्यावीच लागते आणि घाटात मधे काही सोय नसते. आम्ही गगनबावड्यात लागलेली असो नसो थांबतोच, मग खाली उतरल्यावर वैभववाडीत. रत्नागिरीकडं जाताना आंबा गावात, मग थेट साखरप्याला. हायवेला पेट्रोल पंप बघून ठेवायचे, पंपावर संडास मोफत आणि स्वच्छ ठेवायचा नियमच आहे, कुलूप असलं तर किल्ली मागायची, मी मागतो, आणि पाण्याची एक बाटली आणि टिश्यू घेऊनच उतरतो कारण आत पाणी असेलच असं नाही.

पण हे सगळं दुय्यम आहे. खरं म्हणजे सोबत कोण आहे आणि त्यांना किती माहीत आहे यावर ट्रिप ठरते. हा आजार लपवून प्रवास करणारी माणसं मी बघितली आहेत, ती आदल्या दुपारपासून जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, गाडीत डोळे मिटून बसतात आणि घरचे म्हणतात याला कशातच इंटरेस्ट नाही. उपाशी राहून आतड्याची सूज काही थांबत नाही, आव आणि रक्त रिकाम्या पोटी पण येतं, वर चक्कर येते ती वेगळी. मी तालमीतल्या दोस्तांना पहिल्याच ट्रिपच्या आधी कट्ट्यावर बसवून सरळ सांगितलं, मला संडासला लागते, लगेच लागते, मी थांबवा म्हटलं की गाडी थांबवायची आणि मग त्यावर काही बोलायचं नाही. थोडा वेळ सगळे गप्प, मग त्यातला एकजण म्हणाला, एवढंच व्हय, आधी सांगायचंस की. आता तोच गाडी चालवतो आणि मी तोंड उघडायच्या आधी आरशातनं माझ्याकडं बघून विचारतो, थांबू का. असा एक माणूस मिळवा, बाकी लॉज, हॉटेल, रस्ता सगळं नंतर.

खाण्याचं म्हणाल तर मऊ भात, मुगाचं वरण, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा हे कुठंही मिळतं. बाहेरगावचे पेशंट विचारतात कोल्हापूरला आलो तर काय खायचं, तर मटण सोसत असेल तर खानावळीत अळणी मागा, आपल्याकडं लहान पोरांना देतात तेच, त्यात तिखट नसतं. आणि "घे रं थोडा रस्सा, काय होत न्हाई" म्हणणाऱ्या मामांना आधीच फोन करून ठेवा, ताटावर बसल्यावर नको. दूध ज्याला सोसत नाही त्यानं आमच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं समोर काढून देतात ते धारोष्ण फक्त बघावं, आणि तसंही कच्चं दूध प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यानं कधीच पिऊ नये.

बॅगेबद्दल थोडक्यात. औषधं जवळच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, आणि परतायच्या दिवसापेक्षा जास्तीची. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव पाहिजे, मेसालामाइन, अ‍ॅझाथायोप्रिन असं, कारण परगावात तोच ब्रँड मिळेल असं नाही. इंजेक्शनवाले जे आहेत, अ‍ॅडॅलिमुमॅबवाले, त्यांचं औषध 2 ते 8 अंशात ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही, बर्फाला थेट चिकटवू नका. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यानं फ्लेअर येऊ शकतो, पॅरासिटामॉल चालतं. जुलाब थांबवायची गोळी पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सूज जोरात असताना ती धोक्याची ठरू शकते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच टाकायचं, पेल्यात कालवून नाही. अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर उन्हापासून जपायचं, समुद्रावर टोपी आणि पूर्ण बाह्या. परदेशी जायचं आणि यलो फीव्हरची लस लागत असेल तर डॉक्टरांशी बोला, ती जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती चालत नाही.

एका ताईंनी मागच्या आठवड्यात विचारलं की मुलगा दहावीत आहे, क्रोन्स आहे, शाळेची सहल पन्हाळ्याला आणि पुढं जोतिबाला चालली आहे, पाठवू का. ताई, डॉक्टर हो म्हणत असतील तर पाठवा. वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, त्याला चिठ्ठी घेऊन पाठवू नका. बसमध्ये पुढची सीट मागा, त्याच्या एका मित्राला त्याच्या परवानगीनं सांगून ठेवा, दप्तरात एक पँट आणि काळी पिशवी. आणि सकाळी त्याला दहीभात खाऊ घाला, उपाशी पाठवू नका.